कुणाकडून धावतोस?

सुरतेच्या पूर्वेकडे, लिंबायत आणि डिंडोलीला लागून गोडादरा आहे. इथे नव्या माणसाला नावाआधी गाव विचारतात. ‘तुनं गाव कोनतं शे?’ या प्रश्नाला ‘गोडादरा’ असं उत्तर सहसा येत नाही. शिरपूर, शहादा, पारोळा, अमळनेर, चोपडा अशी नावं येतात. लूमच्या खात्यात तीस वर्षं पाळ्या केलेला माणूसही गाव सांगताना तापीच्या वरच्या अंगाला बोट दाखवतो. त्याच्या मुलाचा जन्म सुरतेतला. तो घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि खात्यात हिंदी बोलतो, आणि गाव मात्र बापाचंच सांगतो.

उधन्याहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातला रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही स्टेशनं त्याच मार्गावरची. खान्देशातली कोरडवाहू शेती घराला पुरेना, तेव्हा याच गाडीनं माणसं सुरतेला उतरू लागली. ही माणसं निर्वासित नव्हेत. देश एकच, तिकीट काढलं की झालं. तरी कागदाचा काच त्यांनाही ठाऊक आहे. मूळ महाराष्ट्रातल्या घराण्याचा मुलगा सुरतेत लहानाचा मोठा होतो, पण राखीव जागेचा अर्ज भरायच्या दिवशी त्याला कळतं की बापाच्या राज्यातल्या जातीच्या दाखल्याला इथे सवलत नाही. वर्षानुवर्षं जिथे राबलो तिथले आपण कागदोपत्री नाहीच, याचा साक्षात्कार त्या खिडकीपाशी होतो.

धावण्याच्या मैदानावर हा प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत येतो. कुणाकडून धावतोस? ज्याच्यापाशी उत्तर नसेल त्याला रेषेवर उभंच करत नाहीत. ही चाल मात्र अनादिकाळापासूनची नाही, जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे.

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं, तेव्हा हौशी मंडळी आपापल्या खर्चानं आली आणि धावली. ८०० आणि १५०० मीटर जिंकणारा एडविन फ्लॅक ऑस्ट्रेलियातला. लंडनमध्ये हिशेबनिसाचं काम करायचा. तिथून सुट्टी काढून तो अथेन्सला पोचला. १९०० साली पॅरिसमध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डनं दोन रौप्यपदकं मिळवली. तो बंगालच्या क्लबचा सभासद होता आणि लंडनच्या क्लबचाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती पदकं भारताच्या नावावर मांडते, अॅथलेटिक्सचे इतिहासकार ती ब्रिटनच्या खात्यात टाकतात. प्रिचर्ड स्वतः पुढे अमेरिकेत जाऊन मूकपटांत नट झाला. पदक कुठल्या देशाचं, हे धावताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकपासून दार बंद झालं. नाव पाठवायचं ते राष्ट्रीय समितीनं, एकट्यादुकट्याला प्रवेश नाही. देश नसेल तर समिती नाही, समिती नसेल तर शर्यत नाही.

या नियमाला भारतीय धावपटू पहिल्यांदा सामोरा गेला तो पुण्यामुळे. डेक्कन जिमखाना १९०६ सालचा, आणि त्याचे पहिले अध्यक्ष सर दोराबजी टाटा. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत सुमारे पंचवीस मैलांची एक शर्यत असे. तिला सरळ ‘मॅरेथॉन’ म्हणत. या शर्यतीत खेड्यापाड्यांतले शेतकरी अनवाणी, खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावरून धावत. दोराबजींनी पुढे १९२९ साली ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात या अनवाणी शेतकऱ्यांचा उल्लेख केला आहे. ही पोरं युरोपातल्यांच्या तोडीची वेळ काढतात, त्यांना नीट खाणंपिणं आणि शिकवणारा मिळाला तर नाव काढतील, असं त्यांना वाटलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला. गुलाम देशाला स्वतंत्र संघ पाठवायची परवानगी साहेबाकडूनच मागावी लागली, आणि ती मिळाली.

१९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी सहा जण निघाले. धावपटूंत पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. चौगुले बेळगावचे. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते मॅरेथॉनला उभे राहिले. त्या वर्षीचं अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होतं. ऑलिम्पिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन ना त्याआधी झाली ना नंतर. चौगुलेंनी २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत ती पुरी केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. दातार शेवटपर्यंत पोचले नाहीत. बेळगावच्या माणसाची ही कामगिरी आज बेळगावातही किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. ते गाव १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलं आणि ‘बेळगाव कुणाचं’ या वादात असं गुरफटलं, की बेळगावचा चौगुले कोण हे विचारायला कुणाला सवड झाली नाही.

ती शर्यत जिंकली फिनलंडच्या हान्नेस कोलेहमायनेननं. आठ वर्षांपूर्वी, १९१२ साली स्टॉकहोमला त्यानं तीन सुवर्णपदकं मिळवली होती. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता. विजयानंतर काठीवर रशियाचा झेंडा चढताना पाहून, यापेक्षा हरलो असतो तर बरं, अशा अर्थाचं तो बोलून गेल्याचं सांगतात. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला आणि अँटवर्पला झेंडा त्याचा स्वतःचा होता. म्हणजे त्या दिवशी एकाच रस्त्यावर एक जण परक्या झेंड्यातून सुटून धावत होता, आणि दुसरा तशाच झेंड्याखाली पहिल्यांदा धावत होता.

यापुढची गोष्ट अधिक कडवट आहे. १९३६ साली बर्लिनला मॅरेथॉन जिंकणारा सोन की-चुंग कोरियाचा. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात, म्हणून छातीवर जपानचा सूर्य आणि कागदावर नावही जपानी पद्धतीनं लिहिलेलं, सोन कितेई. तिसरा आलेला नाम सुंग-योंगही कोरियनच. बक्षीस घेताना दोघांनी माना खाली घातल्या. सोनच्या हातात जिंकणाऱ्याला दिलेलं ओकचं रोप होतं, ते त्यानं छातीवरच्या झेंड्यासमोर धरलं. कोरियातल्या ‘दोंग-आ इल्बो’ या दैनिकानं फोटो छापताना छातीवरचा सूर्यच पुसून टाकला. पत्रकारांना अटक झाली आणि दैनिक कित्येक महिने बंद पाडलं गेलं. १९८८ साली सोलच्या उद्घाटनात मशाल घेऊन मैदानात शिरलेला पंचाहत्तरीचा म्हातारा तोच. चार वर्षांनी बार्सिलोनाला ह्वांग यंग-चो या कोरियन मुलानं मॅरेथॉन जिंकली तेव्हाही सोन मैदानात हजर होता. तारीख होती ९ ऑगस्ट, म्हणजे बर्लिनच्या शर्यतीचीच.

चौगुले, कोलेहमायनेन, सोन या तिघांकडे निदान कुठलातरी झेंडा होता. मनाविरुद्धचा का असेना, रेषेवर उभं राहायला तो पुरला. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांच्याकडे तोही नाही अशा माणसांची एक नवी जमात जगात उभी राहिली. मराठी वाचकाला ‘निर्वासित’ हा शब्द कळतो तो फाळणीमुळे, उल्हासनगरच्या छावणीमुळे. पण सिंधी, पंजाबी निर्वासित आले ते घर गमावून, देश गमावून नव्हे. इकडे पाऊल टाकलं त्या दिवसापासून हा देश त्यांचाच होता. मिल्खा सिंगचं उदाहरण त्यासाठीच पाहावं. आज पाकिस्तानात असलेल्या गोविंदपुऱ्यात जन्म, फाळणीत आईवडील डोळ्यांदेखत गेले, दिल्लीच्या छावणीत दिवस काढले. पुढे लष्करात भरती झाल्यावर सहा मैलांच्या शर्यतीत पहिल्या दहांत आला म्हणून त्याच्याकडे लक्ष गेलं. १९६० साली रोमला ४०० मीटरमध्ये तो चौथा आला. त्याच वर्षी, नेहरूंनी समजूत घातल्यावर, तो लाहोरला जाऊन अब्दुल खालिकला हरवून आला. तू कुणाकडून धावतोस, असा प्रश्न मिल्खाला कोणत्याही अधिकाऱ्यानं विचारला नाही. त्याच्या दुःखात तेवढं एक सुख होतं.

रोमच्या त्याच ऑलिम्पिकमध्ये लास्लो ताबोरी धावू शकला नाही.

ताबोरी हंगेरीचा. मे १९५५ मध्ये लंडनला त्यानं मैल ३ मिनिटं ५९ सेकंदांत धावून दाखवला. बॅनिस्टर आणि लँडीनंतर चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो जगातला तिसरा माणूस. १९५६ च्या शरद ऋतूत बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. हंगेरीचा संघ त्याच सुमारास मेलबर्नच्या वाटेवर होता. ताबोरी तिथे १५०० मीटरमध्ये चौथा आणि ५००० मीटरमध्ये सहावा आला. स्पर्धा संपल्यावर तो आणि त्याचे गुरू मिहाय इग्लोई परत गेलेच नाहीत, अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियात ताबोरी धावत राहिला, जिंकत राहिला. पण अमेरिकेचा नागरिक नसल्यामुळे अमेरिका त्याला पाठवू शकत नव्हती, आणि हंगेरीला तो नको होता. ऐन भरातल्या धावपटूनं रोमची शर्यत लांबूनच पाहिली. १९६२ साली त्यानं धावणं सोडलं आणि शिकवायला घेतलं. त्याच्या हाताखाली जॅकलिन हॅन्सननं १९७४ आणि १९७५ साली स्त्रियांच्या मॅरेथॉनचा जागतिक विक्रम दोनदा मोडला. २०१८ साली तो वारला.

ताबोरीचा प्रश्न ऑलिम्पिक समितीला नवा नव्हता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकआधी पूर्व युरोपातून पळालेल्या खेळाडूंच्या संघटनेनं अर्ज केला होता, आम्हाला आमचा वेगळा संघ म्हणून येऊ द्या. राष्ट्रीय समिती नाही म्हणून नकार आला. निर्वासितांविषयीचा जिनिव्हा करार नुकताच, १९५१ साली झाला होता. निर्वासिताला छत द्यावं, काम द्यावं, शाळा द्यावी असं त्यात आहे. मैदानाचा विचार कुणी केला नव्हता. भारतानं तर त्या करारावर आजवर सहीच केलेली नाही.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं असाच ठिगळांचा कारभार चालला. २००० साली सिडनीला पूर्व तिमोरची आगिदा आमाराल मॅरेथॉन धावली. आदल्या वर्षीच्या जाळपोळीत तिचं घर गेलं होतं, त्यासोबत धावायचे बूटही. देश अजून झालेला नव्हता, म्हणून तिला स्वतंत्र खेळाडू म्हणून घेतलं. मैदानात शिरल्यावर शर्यत संपली असं समजून ती गुडघे टेकून बसली. अजून एक फेरी बाकी आहे हे सांगून तिला उठवावं लागलं. ती उठली आणि ४३ वी आली.

२०१२ साली लंडनला ग्वोर मारियालची पाळी होती. सुदानच्या यादवी युद्धात त्याच्या कुटुंबातली २८ माणसं गेली. तो अमेरिकेत शिकला, पात्रतेची वेळ काढली. सुदाननं त्याला आपल्याकडून धावायला बोलावलं. ज्यांनी माझी माणसं मारली त्यांचा झेंडा मी घेणार नाही, असं त्यानं कळवलं. त्याचा दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला होता, पण वर्षभरात ऑलिम्पिक समिती कुठून उभी राहणार? अखेर ऑलिम्पिकच्याच झेंड्याखाली तो धावला आणि ४७ वा आला. चार वर्षांनी रिओच्या उद्घाटनात दक्षिण सुदानचा झेंडा त्याच्या हातात होता.

मारियालसारखे हजारो मुलगे त्या युद्धातून पायी सुटले. लोपेझ लोमाँग सहा वर्षांचा असताना प्रार्थनेच्या जागेतून पळवला गेला. मोठ्या मुलांनी कुंपणाच्या फटीतून त्याला बाहेर काढलं आणि ते तीन दिवस, तीन रात्री धावत केनियाच्या हद्दीत पोचले. काकुमाच्या छावणीत त्याची दहा वर्षं गेली. २००० साली तिथल्याच एका काळ्यापांढऱ्या टीव्हीवर त्यानं मायकेल जॉन्सनला धावताना पाहिलं. पुढे अमेरिकेतल्या एका कुटुंबानं त्याला घरात घेतलं. २००७ साली तो नागरिक झाला आणि दुसऱ्याच वर्षी बीजिंगच्या उद्घाटनात अमेरिकेचा झेंडा त्यानं धरला. कागद वेळेवर मिळाला तर काय होतं, त्याचा हा नमुना.

काकुमा केनियाच्या वायव्येला, तुर्काना या रखरखीत मुलुखात आहे. छावणी १९९२ सालची. निर्वासितानं छावणीतच राहायचं, बाहेर जायचं तर परवाना काढायचा, असा केनियाचा दंडक. धावपटूच्या दृष्टीनं ही अजब कोंडी होती. जगातले सर्वांत वेगवान लांब पल्ल्याचे धावपटू ज्या देशात तयार होतात त्याच देशात हे राहत होते, पण इतेन-एल्दोरेतच्या डोंगरांवर सरावाला जायला यांना पास लागे. केनियाची तेग्ला लोरूप, १९९४ साली न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकणारी पहिली आफ्रिकन स्त्री, हिनं छावणीत निवडचाचण्या घेतल्या. बूट थोडे, धावणारे बरेच. पुण्याच्या त्या अनवाणी शेतकऱ्यांची आठवण व्हावी असं ते दृश्य. निवडलेल्यांना तिनं नैरोबीजवळ न्गाँगला आणून सराव दिला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी दहा जणांचा पहिला निर्वासित संघ जाहीर झाला, त्यात पाच धावपटू याच छावणीतले होते. १९५२ साली नाकारलेला अर्ज ६४ वर्षांनी मंजूर झाला, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच संघात मॅरेथॉनसाठी योनास किंडे होता. इथिओपियातून आलेला, लक्झेंबर्गमध्ये आसरा मिळालेला, टॅक्सी चालवून सराव करणारा. २०१५ साली फ्रँकफर्टला त्यानं २ तास १७ मिनिटांची वेळ काढली. इवल्याशा लक्झेंबर्गला असा धावपटू आनंदानं पाठवता आला असता. नागरिकत्व नव्हतं, म्हणून नाही. रिओत तो ९० वा आला. तेव्हा त्याचं वय ३६ होतं. लांब पल्ल्याच्या धावपटूला उमेदीची आठ-दहा वर्षंच मिळतात. नागरिकत्वाच्या अर्जालाही अनेक देशांत तेवढाच काळ लागतो. ताबोरीला हेच नडलं, किंडेलाही हेच.

डॉमिनिक लोबालूलाही तेच नडणार होतं. दक्षिण सुदानमधल्या चुकुदुमजवळचा हा मुलगा नऊ वर्षांचा असताना आईवडिलांना मुकला आणि केनियात आला. न्गाँगच्या संघात निवडला गेला. २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत निर्वासित संघाकडून १५०० मीटर धावला. मे २०१९ मध्ये जिनिव्हाला रस्त्यावरची १० किलोमीटरची शर्यत त्यानं जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल सोडून निघून गेला. परत केनियात न जाता त्यानं स्वित्झर्लंडकडे आसरा मागितला. निर्वासित संघातून पळून पुन्हा निर्वासित होणं, हे वाचायला चमत्कारिक वाटतं. पण छावणीतल्या धावपटूला संघ मिळतो, घर मिळत नाही. त्याला घर हवं होतं.

सेंट गॅलन शहरात मार्कुस हागमान या शिक्षकानं त्याला आपल्या क्लबात घेतलं. ३० जून २०२२ रोजी स्टॉकहोमच्या डायमंड लीगमध्ये लोबालूनं ३००० मीटर ७ मिनिटं २९.४८ सेकंदांत जिंकले. जगातल्या त्या वर्षीच्या अव्वल वेळांपैकी ही एक. एवढं करूनही त्या उन्हाळ्यात तो ना जागतिक स्पर्धेत धावू शकला ना युरोपीय. निर्वासित संघ त्यानं सोडला होता, आणि स्विस संघात यायला नागरिकत्व हवं, जे मिळायला आणखी कित्येक वर्षं होती.

त्याच उन्हाळ्यात बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे अमेरिकेत सराव करत होता. वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातला मुलगा, महार रेजिमेंटचा जवान. त्यानं मे महिन्यात कॅलिफोर्नियात ५००० मीटरचा तीस वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य घेतलं. गरिबी, लांबचा देश, अनोळखी भाषा हे साबळेच्याही वाट्याला आलं. फरक इतकाच, की खिशातल्या पासपोर्टमुळे त्याला प्रत्येक रेषेवर उभं राहता आलं.

लोबालूची गाठ २०२४ साली थोडी सुटली. मे महिन्यात जागतिक अॅथलेटिक्स संघटनेनं त्याला स्वित्झर्लंडकडून धावायची परवानगी दिली. जूनमध्ये रोमला युरोपीय स्पर्धेत तो ५००० मीटरमध्ये तिसरा आला, आणि चारच दिवसांनी १०,००० मीटरचं सुवर्ण त्यानं २८ मिनिटं ०.३२ सेकंदांत जिंकलं. मैदानात स्विस राष्ट्रगीत वाजलं. ऑलिम्पिकचा नियम मात्र वेगळा, तिथे नागरिकत्वच लागतं. त्यामुळे दोन महिन्यांनी पॅरिसला तोच माणूस निर्वासित संघाच्या बनियनात उभा होता. १० ऑगस्टच्या रात्री ५००० मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचा ग्रँट फिशर १३ मिनिटं १५.१३ सेकंदांत तिसरा आला. लोबालूची वेळ १३ मिनिटं १५.२७ सेकंद. मेलबर्नचा ताबोरी आणि रोमचा मिल्खा यांच्यासारखाच तोही चौथा आला.

रोमच्या युरोपीय स्पर्धेच्या निकालपत्रात लोबालूच्या नावापुढे स्वित्झर्लंड छापलेलं आहे. पॅरिसच्या निकालपत्रात त्याच जागी निर्वासित ऑलिम्पिक संघ असं आहे. दोन्ही कागद एकाच उन्हाळ्यातले, आणि त्या उन्हाळ्यात लोबालूपाशी पासपोर्ट ना स्वित्झर्लंडचा होता ना दक्षिण सुदानचा.